ज्वारीच्या रानातली कॅसेट

बाई,

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा चौथीत सुटली, आणि अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. किराण्याची यादी मी लिहिली की दुकानदार ती वाचून घ्यायला परत तुमच्याकडे पाठवायचा. तुम्ही असतात तर हे लाल पेननं भरून टाकलं असतंत. आता कुणी तपासणार नाही, म्हणून लिहायला धजले. होस्टेलच्या पोरी सोडून गेलेल्या वह्यांमधली ही एक आहे. पुढची पानं रसायनशास्त्रानं भरली आहेत, मागची कोरी. मी मागून लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तुमच्या भाच्यानं तेरावं नीट केलं. लोक आले, बोलले. तुम्ही किती वर्षं इंग्रजी शिकवलं, किती पोरी डॉक्टर झाल्या, सगळं सांगून झालं. मला कुणी बोल म्हटलं नाही ते बरं झालं. मी आत पुऱ्या तळत होते. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं आणि ते तुम्हालाच सांगायचं होतं.

तुमची कॅसेट मी घेतली होती. अनितानं नाही. मी.

एवढं लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले.

ती कॅसेट मी पहिल्यांदा पत्र्याच्या शेडमध्ये बघितली. भूकंपात आमच्या गावात उभी भिंत राहिली नव्हती. माझा नवरा घरात झोपला होता, मी आणि सहा वर्षांची रेखा अंगणात. तेवढ्यावरच सगळं ठरलं. पुढं शेडमध्ये दिवस काढताना तुम्ही दर रविवारी लातूरहून एसटीनं यायचात, पोरांना गोळा करून शिकवायचात. एका रविवारी कुणाच्या तरी जीपमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर घालून आलात. तुमच्या भावानं हैदराबादहून आणलेली एकच कॅसेट तुमच्याकडे होती. जुना इंग्रजी पिक्चर, गाण्यांचा. शेजारच्या शेडमधले आजोबा म्हणाले, "बाई, आमाला आता मराठीच समजंना झालंय, इंग्रजी कुठून समजंल?"

तुम्ही म्हणालात, "न समजता बघा. मी मधून मधून सांगते."

सांगायला फार काही नव्हतंच. बर्फाच्या मुलखातली एक विधवा बाई, सहा लेकरं, पावाची भट्टी. उठता बसता गातात. पीठ मळताना गातात, भांडतानासुद्धा गातात. संध्याकाळ झाली की आई भट्टीच्या पत्र्यावर उलथनं वाजवते आणि एकेका लेकराचं नाव गाते. ज्याचं नाव येईल त्यानं असेल तिथून, माळ्यावरून नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याजवळून, सुरात सांगायचं, मी इथं. मग आई त्याचं ताट मांडते. पुढं दुसरा पोरगा रागानं घर सोडून जातो. त्या दिवसानंतर आई त्याचंही नाव घेते आणि थांबते. बाजासुद्धा थांबतो. मग पुढचं नाव. शेवटी एका संध्याकाळी ती अशीच थांबलेली असते आणि दाराबाहेरून आवाज येतो, मी इथं.

तो आवाज आला आणि मी उठून बाहेर गेले. आमच्या शेडमध्ये नाव घेऊन थांबावं असं प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं. तुम्ही माझ्या मागं आलात, नळाजवळ बसलात. समजूत घातली नाहीत. थोड्या वेळानं विचारलंत, "दहा-बारा माणसांच्या भाकरी एकटीला होतील का?" मी मान हलवली. एवढ्यावर मी आणि रेखा लातूरला तुमच्या घरी आलो.

त्या दिवशी एका पोरानं तुम्हाला विचारलं होतं, पुढच्या रविवारी लावला तर तेव्हा पण येतो का तो घरी? तुम्ही म्हणालात, "दर वेळी येतो." ते बघायलाच ती पोरं दर रविवारी बसायची. मला वाटतं त्या पिक्चरमध्ये दुसरं काही नसतं तरी चाललं असतं. आमची गेलेली माणसं एकदाही आली नाहीत. हा दर वेळी यायचा.

लातूरला तुमच्या घरातल्या होस्टेलात आधी आठ मुली होत्या, मग अठरा झाल्या. दर शनिवारी जेवणाआधी पिक्चर. जेवायला बसल्या की तुम्ही पातेल्याच्या काठावर डाव वाजवून एकेकीचं नाव गायचात. अठरा जणी आपापल्या सुरात मी इथं म्हणायच्या. कुणी मुद्दाम रेड्यासारखा आवाज काढायची. शेवटी तुम्ही माझं नाव घ्यायचात आणि थांबायचात. पोरी खुदखुदायच्या. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी. तोंडातून आवाज निघायचाच नाही. मग मी वरणाचं पातेलं घेऊन बाहेर यायची आणि तुम्ही म्हणायचात, "आलं उत्तर." इतकी वर्षं तुम्ही थांबत राहिलात आणि मी वरण आणत राहिले.

आपलं त्या पिक्चरवरून भांडण होतं. पोरी झोपायला गेल्या की भांडी आवरताना ते निघायचं. मी म्हणायची, आईला जर माहीत आहे पोरगा कुठल्या गावी आहे, तर तिनं जाऊन कान धरून आणायला पाहिजे. नुसतं पत्र्यावर वाजवत काय बसायचं? तुम्ही म्हणायचात, "न्यायला गेली तर तो येईल, विमल. पण आणलेला येईल, आलेला नाही. आवाज त्यानंच द्यायला पाहिजे." मी म्हणायची, आणि नाहीच दिला तर? तुम्ही म्हणायचात, "तर ती थांबेल." ते भांडण मिटलं नाही.

मग लातूरचं वारं बदललं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. हदगाव, बिलोली, लोहा, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन यायला लागले. गल्लीत सायकली मावेनात. रेखा बारावीला गेली. तिची फी तुम्ही भरलीत. दर पंधरा दिवसांनी परीक्षा व्हायची आणि क्लासबाहेर यादी लागायची. डिसेंबरच्या यादीत रेखाचं नाव पार खाली गेलं.

पालकांची सभा होती. मी शेवटच्या बाकावर बसले होते. सर म्हणाले, काही होस्टेलांत शनिवारी पिक्चर दाखवतात म्हणे, मग निकाल कसा लागायचा. सगळे हसले. सरांनी नाव घेतलं नाही, पण माझे कान तापले. घरी येताना हिशोब केला. शनिवारचे तीन तास, महिन्याचे बारा. रेखा डॉक्टर झाली तर ती माझ्यासारखी कुणाच्या स्वयंपाकघरात उभी राहणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

मी तुम्हाला सांगू शकले असते. तुम्ही ऐकलं असतंत, नाही तर निदान वाद घातला असतात. पण तुमच्या घरात राहून, तुमचं खाऊन, तुमच्या पैशानं पोरीला शिकवून तुम्हाला पिक्चर बंद करा कसं म्हणायचं? तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हातानं केलं. पोरी क्लासला गेल्या होत्या, तुम्ही बँकेत. कपाटातून कॅसेट काढली, डबा तिथंच ठेवला, कॅसेट पिठाच्या पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी माझा लोह्याचा भाऊ बाजारासाठी लातूरला आला होता. त्याला दिली. खराब झाली आहे, विहिरीत टाकून दे म्हणाले.

शनिवारी तुम्ही सगळ्यांसमोर डबा उघडलात. रिकामा.

त्या आठवड्यात कॅसेटची जबाबदारी अनिताची होती. बिलोलीची अनिता, सगळ्यांत तोंडाळ. गुरुवारी तिनं कॅसेट पुसायला काढली होती. परत ठेवली का, हे तिला शपथेवर सांगता येईना. त्यात ती कायम म्हणायची, बाई, ही एकदाची हरवू द्या, पाठ झालंय सगळं. पोरी तिच्याकडं बघायला लागल्या. तुम्ही काही बोलला नाहीत. खरं म्हणजे तुम्ही डब्याकडंच बघत होतात. पण अनिताला ते न बोलणंच लागलं. "बाई, देवाशप्पथ मी न्हाई," असं ती तीनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला. मी दारात उभी होते. हातात परात होती.

सोमवारी तिचे वडील आले. एसटीत कंडक्टर होते. खिशातून शंभराच्या तीन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. तुम्ही म्हणालात, अहो, पैशाचं काय घेऊन बसलात, मुलीला राहू द्या. ते म्हणाले, "बाई, माझ्या लेकीवर वस्तू न्यायचा वहीम आला. ती आता इथं ऱ्हायची न्हाई." परीक्षेला दोन महिने होते. अनितानं गादीची वळकटी केली. तिला डब्यात पोळ्या बांधून मीच दिल्या. ती म्हणाली, "मावशी, तुमाला तर खरं वाटतं ना?" मी मान हलवली. ना हो म्हणून, ना नाही म्हणून, कशीतरी हलवली.

त्यानंतर शनिवारी पिक्चर नव्हता. रेखा त्या तीन तासांत पुस्तक छातीवर घेऊन पडून राहायची. पुढं खूप वर्षांनी ती म्हणाली, आई, आठवडाभर डोकं गच्च भरायचं, शनिवारी तेवढं रिकामं व्हायचं. ती डॉक्टर झाली नाही. नर्स झाली. पुण्याला आहे, सुखात आहे. तुमची कॅसेट नेऊन मी तिला एक मार्कही मिळवून दिला नाही.

आणि हुरडा. दर जानेवारीत तुम्ही माझ्या भावाच्या रानात हुरडा खायला यायचात. त्या वर्षी तुम्हाला नको कसं म्हणायचं, मला सुचलं नाही. लोह्याला उतरलो, बांधावर आलो आणि माझे पाय थांबले. भावानं कॅसेट विहिरीत टाकलीच नव्हती. तो सुतळीचा तुकडासुद्धा टाकत नाही. त्यानं फीत उलगडून पाखरं बसू नयेत म्हणून सगळ्या ज्वारीवर बांधली होती, या खुंटापासून त्या खुंटापर्यंत. उन्हात चकाकत होती. वारं आलं की घुमायची. कणसांच्या वर एकसारखा बारीक आवाज, कुणी तोंड मिटून गावं तसा.

मी आगटीजवळ बसून कणसं भाजत होते. तुम्ही बांधावर उभ्या होतात, मान वर करून. कितीतरी वेळ. मग तुम्ही भावाला काहीतरी विचारलंत. तो हसला, फितीकडं बोट केलं, मग माझ्याकडं. मला ऐकू आलं नाही. तुम्ही आलात, पोत्यावर बसलात, हुरडा खाल्लात आणि म्हणालात, "विमल, चटणी छान झालीय." वीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही भावाला ज्वारीचा भाव विचारला असेल. भावाला मी कधी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही बिलोलीला एका लग्नाला म्हणून गेलात आणि साध्या सुती साडीत गेलात. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

आता शेवटचं. ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

होस्टेल बंद करून आपण नांदेडला तुमच्या भाच्याकडं आलो. गेल्या उन्हाळ्यापासून तुम्ही अंथरुणाला लागलात. रेखानं तो पिक्चर कुठून तरी शोधून माझ्या फोनवर पाठवला होता. तिचा पोरगा पुण्यात जेवायला बसताना मी इथं म्हणून ओरडतो, हे तिनं हसत हसत सांगितलं होतं. पाच वर्षांचं पोर. त्याला ना भूकंप माहीत ना शेड. तो पण त्या थांबण्याची वाट बघतो म्हणे, श्वास धरून. मी फोनवर पिक्चर कधी लावला नाही. एका दुपारी तुम्ही विचारलंत, "विमल, ते पावाच्या भट्टीचं आता फोनवर मिळतं म्हणे. बघ ना." फोन माझ्या कमरेला होता. त्यात पिक्चर होता. मी म्हणाले, नेट नाही, बाई. पिक्चर लागला असता तर कॅसेटचा विषय निघाला असता, म्हणून मी तुम्हाला तो दाखवला नाही. पहिली चोरी झाकायला तीच गोष्ट दुसऱ्यांदा तुमच्यापासून काढून घेतली.

मी मोसंबी पिळायला आत गेले. तुम्ही चमचा घेऊन स्टीलच्या पेल्यावर वाजवायला लागलात. आवाज अगदी खोल गेला होता. काही पोरींची नावं घेतलीत, काही विसरलात. अनिताचं घेतलंत. मग माझं, आणि थांबलात. मला सगळं ऐकू येत होतं. मी मोसंबी पिळत राहिले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

बाई, तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं. आज मला तुमचा रागही येतो. रानातून येताना एसटीत, नाहीतर भांडी घासताना, एकदा म्हणाला असतात, विमल, तू नेलीस का? मी पाया पडले असते. आईनं जाऊन आणायला पाहिजे, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं. पण पुढच्याच घटकेला वाटतं, मला घरातून काढायला तुम्हाला एक शब्द पुरला असता. तो तुम्ही काढला नाहीत. रेखाची पुढची फीही भरलीत.

भाचा म्हणाला, मावशी, बाईंच्या पेटीतलं काय पाहिजे ते घ्या. मी कॅसेटचा रिकामा डबा घेतला. तो हलका लागला नाही. आत एक पाकीट होतं. पाकिटात शंभराच्या तीन जुन्या नोटा. वर तुमचं अक्षर, शाळेतल्या फळ्यावर असायचं तसं स्वच्छ. "अनिताचे. विमल देईल."

मला वाचायला वेळ लागला नाही. एवढं चौथीतसुद्धा येतं.

वही इथंच तीन दिवस बंद ठेवली होती. काल अनिताकडं जाऊन आले.

तिचं इथंच नांदेडला औषधांचं दुकान आहे, हे मला पाच वर्षांपासून माहीत होतं. तुमची औषधं आणायला मी मुद्दाम लांबच्या दुकानात जायची. काल गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ती आत फळ्यांमागं खोकी लावत होती. तिथूनच तिनं विचारलं, "कोण हाय?"

"मी इथं," मी म्हणाले. "विमल. बाईंच्या होस्टेलची."

ती बाहेर आली. केस पांढरे झालेत तिचे कानाजवळ. ती तुमच्याबद्दल बोलायला लागली, मी तिला बोलू दिलं नाही. म्हणाले, "अनिता, कॅसेट मी नेली होती." मग मी काय काय सांगितलं मला आठवत नाही. सभा, पिठाची पिशवी, रान, सगळंच सांगितलं असेल. इतकं मी आयुष्यात एका दमात बोलले नाही.

ती स्टुलावर बसली. म्हणाली, बाई घरी आल्या होत्या, परीक्षेच्या आधी. वडिलांना म्हणाल्या, तुमच्या मुलीचा दोष नव्हता, मला कळलं आहे, पैसे परत घ्या. वडील म्हणाले, ज्यानं नेली त्यानं आणून द्यावेत, तुमच्या हातून घेत नाही. नाव विचारलं तर बाई काही सांगेनात. चहा पिऊन परत गेल्या. वडील वारेपर्यंत म्हणायचे, ते तीनशे यायचेत अजून.

मी विचारलं, "माझ्यामुळं तुझं डॉक्टर व्हायचं राहिलं का?"

तिनं विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून लगेच नाही म्हणाली नाही. "मावशी, फिजिक्सनं घालवलं माझं. ते काय तुम्ही नेलं न्हवतं. पण रडले लई होते. ते तुमच्यामुळं."

मी मान हलवली. या वेळी सरळ.

मग तिनं विचारलं, "त्या साली पाखरं आली का हो रानात?"

"एक दाणा गेला नाही."

ती हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मला हसू आलं नाही. मी पाकीट पुढं केलं. तिनं वरचं तुमचं अक्षर वाचलं, पाकीट माझ्याकडं परत सरकवलं आणि नोटा तेवढ्या घेतल्या. दुकानदाराच्या सवयीनं एकेक उजेडाला धरून बघितली. मग गल्ला उघडला, आत टाकल्या, खण बंद केला.

बाई, अनिताचे तीनशे दिले.